मच्छिंद्रची पाच पानं

मच्छिंद्र आमच्या कंपाउंडची पांढरी व्हॅन चालवायचा. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, दहाला बायकांना बाजाराला न्यायचं, दुपारी पोरांना परत आणायचं. दोह्यात अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडात सदतीस घरं. कुठल्या घरातलं पोर डबा विसरतं, कुठलं गाडी लागून ओकतं, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला भैया म्हणायचे. माझी सून आसावरीसुद्धा.

मला त्याचं नाव कळलं ते एका मांजरीमुळे. मी गेटजवळच्या बाकावर बसले होते. मुलगा प्रताप तिकडं वेस्ट बे भागात ऑफिसला, सून तिच्या ऑफिसात, नात गार्गी शाळेत. घरात बसून बसून भिंतींशी बोलायची वेळ आलेली, म्हणून मी बाकावर येऊन बसायची. त्या मांजरीनं माझ्या पिशवीत तोंड घातलं तशी मी तिला शिव्या घातल्या. व्हॅनमधून आवाज आला, "आजी, हिंदीत बोला तिच्याशी. मराठी न्हाई कळत तिला."

मी म्हटलं, "तुला कळतंय ना? मग तू हाकल."

तो हसत उतरला, मांजर हाकललं, आणि हातरुमालानं बाकाची दुसरी बाजू पुसून, बसू का म्हणून विचारून बसला. तेवढ्यात समजलं ते सगळं. नाव मच्छिंद्र, गाव बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं, वय सेहेचाळीस, इथं येऊन अकरा वर्षं झालेली. घरी बायको मुक्ता, दोन मुली, दोघी दिल्याघरी गेलेल्या. शर्ट कडक इस्तरीचा, खिशात कंगवा. बोलताना समोरच्याकडं बघायचा नाही, व्हॅनच्या चाकाकडं बघायचा.

एक गोष्ट मी पुढं बरेच दिवस बघितली. दुपारी तो व्हॅन अगदी मागच्या भिंतीला, भिंतीकडं तोंड करून लावायचा आणि मग डबा उघडायचा. मी एकदा विचारलं, "सावलीची जागा पुढं आहे की रे." तर म्हणाला, "तिथनं लोक दिसत्यात आजी. एकटं खाताना कुणी बघितलं की घास उतरत न्हाई."

संध्याकाळी मुक्ताचा फोन यायचा. तिच्याशी बोलताना तो निराळाच माणूस व्हायचा. मोठमोठ्यानं हसायचा, "आज राजाभाऊनं मटण केलंतं, सचिननं भाकरी करपवल्या," असलं काय काय सांगायचा. मला वाटायचं, चला, खोलीवर तरी याची मंडळी आहेत. एकदा मी म्हटलं, तुझ्या त्या राजाभाऊला एकदा इकडं घेऊन ये, मटण कसं करतो ते विचारते. त्यानं नजर पुन्हा चाकाकडं वळवली. मग म्हणाला, "राजाभाऊ करोनातच गेला आजी, साताऱ्याला. परत आलाच न्हाई. सचिन त्याच्याही आधी."

"आणि मग परवाचं मटण?"

"तिला बरं वाटतं. माझी माणसं हायेत म्हणलं की ती झोपती."

खोलीवर आता पाच जण होते, पण एक तेलुगू, दोन नेपाळी आणि दोन कुठले ते त्यालाही नक्की सांगता येईना. प्रत्येकाची ड्युटी वेगळ्या वेळेला. एक उठायचा तेव्हा दुसरा झोपायचा. बोलायचं कधी? आणि मुक्ता तर दर आठवड्याला राजाभाऊंचा गुडघा कसा आहे म्हणून विचारायची. हा म्हणायचा, जरा बराय. कधी म्हणायचा, थंडीनं दुखतोय. दोह्यातली थंडी ती! पण तिनं तेवढंही कधी हेरलं नाही.

आता नवसाचं सांगते. आदल्या वर्षी मुक्ताचं अपेंडिक्स पोटात फुटलं. दीर तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि मच्छिंद्र इथं व्हॅनमध्ये फोन कानाला धरून गावच्या बांधावरच्या म्हसोबाला बोलला, की ही वाचली तर अख्खं कोंबडं देईन. त्यांच्या भावकीतली रीत अशी, की हा नवस बोलणाऱ्यानंच स्वतःच्या हातानं करायचा. कोंबडं मोडायचं नाही, अख्खं शिजवायचं. पाच जणांच्या पंगतीत बसून संपवायचं, मागं काही ठेवायचं नाही. मुक्ता वाचली. नवस राहिला, कारण याला सुट्टीच मिळाली नाही. आणि बावीस साल उजाडल्यावर याच्या कंपनीनं सांगून टाकलं, वर्ल्डकप उरकेपर्यंत ड्रायव्हरांची सुट्टी खलास. इन्शाल्ला जानेवारीत.

दसरा झाला आणि मुक्ताचं दुसरं दुखणं निघालं. पिशवी काढायला सांगितली होती डॉक्टरनं. रक्त फार जात होतं, अंगात जोर उरला नव्हता. सोमवारची तारीखही दिली होती. आणि ही बाई हटून बसली. पहिला नवस फेडल्याशिवाय अंगाला सुई लावून घ्यायची नाही म्हणाली. दिरानं समजावलं, मुलींनी रडून बघितलं. तिचं एकच, एकदा वाचवलं त्यानं, त्याचं द्यायचं राहिलंय, आता पुन्हा कुठल्या तोंडानं जाऊ मी टेबलावर.

मच्छिंद्र बाकावर येऊन बसला तेव्हा त्याचा शर्ट बिनइस्तरीचा होता. म्हणाला, "आजी, डॉक्टर म्हणतो जानेवारीपर्यंत थांबाल तर बाई हाताला लागायची न्हाई."

मी म्हटलं, "मग इथंच फेड की."

"चालंल?"

"मला काय विचारतोस? तुमच्या भगताला विचार."

भगताला फोन झाला. भगत समजूतदार निघाला. माणूस परमुलखात अडकला असेल तर तिथं केलेलं पावतं म्हणाला. दुकानातलं, फ्रीजमधलंही चालेल. मुंडकं नसतं त्याला, हे ऐकून जरा घुटमळला, मग म्हणाला, मुंडक्याच्या जागी लिंबू ठेवा. पण मोडायचं नाही आणि पंगत पाचाची, त्यात सूट नाही. मुक्तानं वर आपली अट घातली. शुक्रवारी दुपारी एक वाजता, म्हणजे तिकडं साडेतीनला, फोनवर सगळं दाखवायचं. तोवर ती उपाशी राहणार. दाखवलं तर सोमवारी दवाखाना, नाहीतर नाही.

मच्छिंद्रच्या खोलीवर शिजवायची बंदी. माझ्या घरातल्या कुकरात अख्खी कोंबडी मावेना, मी आधी रिकाम्या कुकरात भोपळा घालून माप घेतलं होतं. मग मला आठवलं, आसावरीनं दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला स्लो कुकर माळ्यावर पडलाय. विजेवर चालणारं लांबट भांडं, आत जड चिनीमातीचं घमेलं, वर काचेचं झाकण. सकाळी लावायचं आणि विसरून जायचं, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं. विसरून गेलो आम्ही, ते दोन वर्षं.

"भांड्याचा प्रश्न मिटला," मी म्हटलं. "पाच माणसांचं काय?"

तो बोटांवर मोजायला लागला. "मी एक. तुम्ही बसाल?"

"बसेन."

"दोन." आणि तिथंच थांबला. अकरा वर्षं ज्या गावात काढली त्या गावात त्याला तिसरं नाव सुचेना. मी मुद्दामच दुसरीकडं बघत राहिले.

शेवटी गेटवरचा नेपाळी वॉचमन टेकबहादूर, बागेत पाणी घालणारा एक बंगाली, आणि पोहण्याचा तलाव साफ करायला येणारा माणूस, असे तिघं त्यानं तयार केले. तलाववाल्याचं नाव त्याला माहीत नव्हतं, चार वर्षं रोज हात वर करून रामराम मात्र व्हायचा. आणि टेकबहादूरनं राजाभाऊ व्हायचं असं ठरलं.

"अरे, ती ओळखेल ना!"

"फोटो एकदाच बघितलाय तिनं, सात वर्षांमागं. मास्क लावून बसवतो."

"मास्क लावून जेवेल कसा?"

टेकबहादूर दोन दिवस गेटवर "रामराम वहिनी, गुडघा बराय" एवढं पाठ करत होता. कंपाउंडात येणाऱ्या एका गोऱ्या साहेबालाही त्यानं ते म्हणून दाखवलं.

शुक्रवार आला. प्रताप आणि आसावरी ऑफिसच्या लोकांबरोबर द पर्लला जेवायला गेले. मी त्यांना सांगितलं होतं, ड्रायव्हरला जेवायला बोलावलंय. आसावरी म्हणाली, "कुठल्या ड्रायव्हरला? त्या भैयाला?" मी म्हटलं, "मच्छिंद्रला." जाताना ती चांगली ताटं काढून ओट्यावर ठेवून गेली.

मच्छिंद्र सातच्या आतच हजर. पुन्हा कडक इस्तरीचा शर्ट. बाह्या वर करून त्यानं कोंबडी धुतली, आत हात घालून बघितलं, कलेजी-पेट्याची पुडी असते ती काढली. माझा नाशिकचा काळा मसाला, आलं-लसूण, दही, हळद, सगळं त्याच्या हातानं लावायला लावलं. लावता लावता तो त्या कोंबडीशी काहीतरी पुटपुटत होता. घमेल्यात कांद्यावर ती उताणी ठेवली, मानेशी लिंबू ठेवलं, बटण फिरवलं, आणि तो व्हॅन घेऊन गेला. बारापर्यंत शिजते असं आसावरीनं सांगितलं होतं.

आता माझी चूक. त्या काचेच्या झाकणाला एक बारीक भोक होतं. मी म्हटलं, यातून वाफ निघून जाणार, शिजणार काय डोंबल? आपण रस्सा करतो तेव्हा पातेल्यावर ताट ठेवून ताटात पाणी घालतो. खालचं करपत नाही, आणि वरचं पाणी तापलं की तेच आत ओततो. माझ्या सासूनं शिकवलेलं, पन्नास वर्षांत कधी दगा दिला नव्हता. मी ते झाकण काढून विसळून ठेवून दिलं आणि घमेल्यावर स्टीलचं मोठं ताट ठेवलं, पाण्यानं भरून. पाणी कोमट झालं की आत ओतायची, वर पुन्हा गार. असं मी चार-पाच वेळा तरी केलं. वास बरा येत होता. मी खूश होते.

साडेबाराला मंडळी आली. तिघं दारात चपला काढून उभे. तलाववाल्यानं केस ओले करून भांग पाडला होता. मी खाली चटई अंथरली, पाच ताटं मांडली. ते बसले. एकमेकांकडं न बघता पाणी प्यायले. मच्छिंद्रनं काटा घेऊन कोंबडीच्या मांडीत घातला, आणि आतून लाल पाणी आलं.

"आजी, कच्ची हाय."

"कशी असेल? पाच तास झाले."

"कच्ची हाय आजी."

गार्गी तिच्या खोलीतून बाहेर आली. चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. ताटाकडं बघून म्हणाली, "आजी, व्हेअर इज द लिड?"

झाकण ओट्यावर होतं, मी तिकडं बोट दाखवलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग फोनमध्ये बघून मला समजावलं, ते भांडं मुळात हळूहळू तापतं, काचेचं झाकण आतली ऊब धरून ठेवतं, आणि मी वर गार पाणी ठेवून सकाळपासून त्याला थंड करत बसले होते. झाकण लावून अजून अडीच तास, असं ती म्हणाली.

मच्छिंद्रनं मुक्ताला निरोप पाठवला, दोन तास उशीर होतोय. मग त्या तिघांच्या शेजारी जाऊन बसला.

मी त्यांना खजूर दिले, ब्रेड भाजून दिला. पण दीड वाजता टेकबहादूरची गेटवर पाळी, बंगाल्याला दुसऱ्या कंपाउंडात जायचं होतं, आणि तलाववाल्याला न्यायला त्यांची गाडी येऊन उभी राहिली. सगळीकडं वर्ल्डकपची घाई, कुणाला पाच मिनिटं उशीर चालत नव्हता. टेकबहादूर जाताना दोनदा सॉरी म्हणाला. खिशातला मास्क काढून मच्छिंद्रच्या हातात देऊन गेला, जसं काही दुसरा कुणी मिळाला तर उपयोगी पडेल.

तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं पाच ताटांसमोर बसून होतो. मी म्हटलं, "अरे, खोलीवरच्या कुणाला तरी फोन कर." त्यानं फोन काढला, नावं वर-खाली केली, आणि पुन्हा खिशात ठेवला.

तीनला कोंबडी शिजली. इतकी मऊ, की तो उचलायला गेला तशी मी ओरडले, "हात लावू नको, तंगडी हातात येईल! मोडेल!" म्हणून आहे तशीच घमेल्यात ठेवली. तेवढ्यात फोन वाजला.

मुक्ताला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पदर डोक्यावर, तोंड पिवळंफटक, डोळे मात्र तिखट.

"कवाची बसलीय मी. दाखवा."

त्यानं फोन घमेल्यावर धरला.

"अख्खी हाय?"

"अख्खी हाय."

"लिंबू?"

"ते काय."

तिनं हात जोडले. मग म्हणाली, "आता पंगत दाखवा. राजाभाऊंना द्या जरा, बोलते."

मच्छिंद्रनं फोन माझ्याकडं फिरवला. मी म्हटलं, "रामराम गं बाई. मी आजी." तिनं मला नमस्कार केला, पण नजर माझ्या मागं काहीतरी शोधत होती. मागं चार रिकामी ताटं.

"आवं, बाकीची कुठं गेली?"

त्याच्या हातात अजून तो मास्क होता. लाईन जाते म्हणता आलं असतं. आत्ताच उठले म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"मुक्ता, न्हाईत कुणी."

"म्हंजी?"

"राजाभाऊ दोन वर्षं झाली गावाकडं हाय. सचिन त्याच्या आधी गेला. मी एकटाच असतो. आज तिघं आणली होती, ती पण निघून गेली. पाच न्हाई जमली."

पलीकडं कितीतरी वेळ नुसतं घराचं छप्पर दिसत होतं. फोन तिनं मांडीवर ठेवला असणार. मग आवाज आला, "मी गेल्या दिवाळीला त्यांच्या गुडघ्याला तेल पाठवलं होतं."

"मिळालं."

"मग काय केलंत त्याचं?"

"मी लावलं. माझ्या गुडघ्याला."

"तुमचा पण दुखतोय?"

"माझाच दुखतोय."

पुन्हा छप्पर. गार्गी कधी येऊन चटईवर बसली मला कळलं नाही. या महिन्यात ती शाकाहारी झालेली, फोनवर कसलातरी व्हिडिओ बघून. तिनं आपल्या ताटात काकडी घेतली आणि पाय मुडपून बसली.

मुक्ताचं तोंड पुन्हा दिसलं. डोळे पुसलेले, पण आवाज मघापेक्षा खणखणीत.

"जेवायला बसा."

"अगं पण पाच..."

"पाचाचं मी बघते म्हसोबाशी. त्याला सांगते की माणूस एकटा पडलाय, हवं तर माझं पान धर. तुम्ही बसा. आन् एक कणही मागं राहिलेला चालायचा न्हाई. फोन ठेवू नका. मी बघतीय."

माझ्या तोंडात वरचे चार आणि खालचे सहा दात. मी एक पंख आणि थोडी मऊ छाती खाल्ली. बाकीची सगळी त्यानं खाल्ली. तासभर. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, आणि तिकडून ती एकेक बघत होती. "ती पाठ राहिली. मान बघा, मानेला असतं. रस्सा पुसून घ्या भाकरीनं." मधेच त्याला घास लागला तर म्हणाली, "आजी, पाणी द्या हो त्यांना." सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, शर्टाला डाग पडलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता. मसाला तिखट होता खरा माझा.

शेवटी त्यानं हाडांचं ताट फोनसमोर धरलं. तिनं नीट बघितलं.

"सोमवारी जाते मी," ती म्हणाली. "तुम्ही आता हात धुवा."

सोमवारी ऑपरेशन झालं. मच्छिंद्रला त्या दिवशी सुट्टी नव्हती. दुपारी पोरांना आणायला गेला तेव्हा शाळेच्या गेटवर त्याला दिराचा फोन आला, शुद्धीवर आली म्हणून. त्यानं ते कुणाला सांगितलं? व्हॅनमध्ये चढणाऱ्या पहिल्या पोराला. ते बिचारं केरळचं, त्याला मराठी कुठलं कळायला! "ओके भैया," म्हणालं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. ही गोष्ट त्यानंच मला संध्याकाळी बाकावर सांगितली.

नोव्हेंबरात त्याला आमच्या कंपाउंडातून काढून स्टेडियमच्या बसवर टाकलं, राहायची खोलीही लांबच्या कॅम्पात गेली. जायच्या आदल्या दिवशी तो आला होता. मी विचारलं, "काय म्हणते मुक्ता?"

म्हणाला, "पहिल्यासारखं बोलणं न्हाई होत आजी. आधी राजाभाऊ होता, सचिन होता, अर्धा-अर्धा तास जायचा. आता ती विचारती, आज कुणाशी बोललात? मी म्हणतो, कुणाशीच न्हाई. ती म्हणती, बरं. मग दोघांकडं पण काय नसतं बोलायला."

"मग ठेवता फोन?"

"ती ठेवू देत न्हाई. चालूच ठेवती, उशाशी." त्याचं लक्ष पुन्हा चाकाकडं गेलं. "तिला अजून उठायचं न्हाई सांगितलंय. भावजय येती सैपाकाला. नळ आला की बादलीचा आवाज येतो, शेळी वरडती, भाकरी थापलेली ऐकू येती. मी गाडीत बसून ऐकतो."